वाचकांचे प्रश्न: काडतुसावरच्या रेघा

प्रश्न: वडिलांची .३१५ स्पोर्टिंग रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. मॅगझिनमधून चढवलेलं काडतूस न झाडता बाहेर काढलं, की पितळेवर उभ्या रेघा दिसतात. झाडलेल्या पुंगळीवर (काडतुसाच्या पितळी नळीवर) बुडाजवळ एक चकचकीत वळंही असतं. चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) बिघडलं असेल का?
– एक वाचक, तुकोगंज, इंदूर

उत्तर: आधी वळ्याचं बघा, रेघा थांबू शकतात. बुडाच्या कडेपासून साधारण सेंटिमीटरभर वर, पुंगळीभोवती गोल फिरणारी उजळ रेघ म्हणजे तिथे पितळ ताणलं गेल्याची शंका. बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड आणि काडतुसाची कड यांत फट जास्त असली, की बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला घट्ट चिकटतो, बूड मात्र मागे सरकतं आणि मधलं पितळ पातळ होतं. असंच चालू राहिलं तर एखादी पुंगळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू मागे येतो. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचं टोक घासून काटकोनात वाकवा आणि रिकाम्या पुंगळीत आतून बुडाकडून वर ओढत आणा. वळ्याच्या जागी टोक खोबणीत अडकलं, तर गेजने ही फट मोजून घेईपर्यंत रायफल वापरू नका. टोक सरळ सरकलं आणि वळं सगळ्या पुंगळ्यांवर सारखंच फिकट असेल, तर ती बहुधा चेंबरमध्ये पुंगळी फुगल्याची नेहमीची खूण आहे. तरी जुनी रायफल आहे, एकदा मोजून घेतलेलं बरं.

आता रेघा. पितळ मऊ आणि पोलाद कडक, त्यामुळे हलके ओरखडे उठणारच. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर सोडून द्या. अडकलं तर कारण शोधायचं, पण जिवंत काडतुसाने घरी अजिबात नाही. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली डमी काडतुसं घ्या. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. डमीवर काळ्या मार्करचा थर द्या, वाळू द्या, बुडावर एक खूण करा आणि प्रत्येक जागा वेगवेगळी तपासा.

पहिली डमी बोटाने सरळ चेंबरमध्ये सरकवा आणि हातानेच बाहेर काढा. इथेच रेघ आली तर दोष चेंबरचा. खूण पाव फेरा फिरवून डमी पुन्हा घाला. दर वेळी रेघ चेंबरच्या त्याच बाजूला उमटली, तर तिथे पोलादाची उठलेली धार किंवा गंज आहे. झाडलेली पुंगळीही हे सांगते: चेंबरमध्ये खड्डा असेल तर पितळ त्यात दबून पुंगळीवर उंचवटा उठतो, धारेने मात्र खोल चर पडते.

दुसरी डमी बोल्ट न लावता नुसती मॅगझिनमध्ये दाबून पुढे सरकवत बाहेर काढा. तुम्ही म्हणता तशा लांब उभ्या रेघांचं सर्वांत नेहमीचं कारण इथेच सापडतं: मॅगझिनच्या ओठांची, म्हणजे काडतूस वरून अडवून धरणाऱ्या कडांची, धार. काडतुसं डावी-उजवी आळीपाळीने बसत असतील आणि रेघ एकाआड एक डमीवरच येत असेल, तर एकच ओठ दोषी. गोळीच्या टोकावर ओरखडा असेल तर चेंबरकडे चढणारा उतार बघा. बुडाच्या कडेवरची बारीक खाच एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस चेंबरमधून मागे ओढणाऱ्या, आकड्याची, ती चालते.

एक काळजी भरतानाच घ्या. या काडतुसाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, जोर लावून बोल्ट ढकलला जातो आणि ओरखडे वाढतात.

ओठांवर स्वतः कानस चालवू नका. ओठ थोडे जरी जास्त घासले किंवा वाकले, तर काडतूस वेळेआधी सुटतं आणि मग मॅगझिनच बदलावं लागतं. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दुरुस्तीला परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक गनस्मिथकडेच जा.

काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेली असतील तर आजच काढा. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळावर हिरवा कळक चढतो, आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. तो खरखरीत थर ओठांवर आणि चेंबरमध्ये घासतो.

प्रश्न: .२२ च्या बोल्ट रायफलमध्ये गोळी आत जाताना अडखळते. पुंगळीवर नेहमी वरच्याच बाजूला रेघ येते.
– एक नेमबाज, महू

उत्तर: रिकाम्या चेंबरवर घोडा ओढायची सवय आहे का? रिमफायरमध्ये (.२२ सारख्या, बार पेटवणारं द्रव्य कडेत असलेल्या काडतुसात) पिन कडेवर आदळते. काही रायफलींत काडतूस नसलं, की तीच पिन चेंबरच्या तोंडावर आदळून खाच पाडते आणि खाचेचं पोलाद आत फुगतं. तोच फुगवटा पुंगळीला रेघ पाडतो. टॉर्चच्या उजेडात पिनच्या जागी खाच दिसेल. गनस्मिथ ‘चेंबर आयर्न’ नावाच्या हत्याराने ते पोलाद दाबून मूळ जागी बसवतो, घासून काढायचं नसतं. गोळी बहुधा नुसत्या शिशाची असते, एका बाजूने खरवडली तर ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका) पसरतो. पुढे कोरडा सराव डमीवरच करा.

प्रश्न: बाहेर पडलेल्या पुंगळीचं तोंड चेपलेलं असतं.
– एक वाचक, देवास

उत्तर: बोल्ट झटक्यात ओढल्यावर पुंगळी रिसीव्हरच्या (बोल्ट सरकतो त्या सांगाड्याच्या) भिंतीला आपटते. ती झाडून झालेली आहे, त्यामुळे बिघडत नाही. पण पुंगळी बाहेर फेकली न जाता जागेवरच रेंगाळत असेल, तर आधी एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग आणि आकड्याखाली साचलेली काजळी बघा, मग इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) झीज.