वसंतात कात्री खाली ठेव

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

बागेत वसंत आला हे कशावरून ओळखायचं, असं विचारलंयस. कोकिळेवरून, असं कुणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. (फक्त 'कुहू' करतो तो काळा नर, ठिपक्याठिपक्यांची मादी नुसतं 'किक्-किक्' करते.) पण कोकीळ कानावर पडेपर्यंत बागेत बरंच काही घडून गेलेलं असतं.

मी सगळ्यात आधी जांभळ्या शिंजिराकडे, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याकडे बघतो. हिवाळ्यात त्याचा नर जवळजवळ मादीसारखाच असतो, पोटाकडे पिवळसर. फक्त गळ्यापासून खाली एक काळपट पट्टी. थंडी ओसरू लागली की अंगावर मधूनच काळी पिसं येतात, ठिगळं लावल्यासारखी. आणि एखाद्या सकाळी तोच पक्षी निळा-जांभळा चकाकत फुलाशी येतो. हे टिपायचं तर एकच झाड धर आणि रोज १० मिनिटं त्याच्यापाशी उभं राहा. बागभर फिरून हे दिसत नाही.

घरटं मादी एकटीच बांधते. गवत, सालीचे तुकडे, सुकी पानं कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवून केलेली लोंबती पिशवी. बाजूला दार, दारावर इवलीशी पडवी. लांबून पाहिलं तर जाळ्यात अडकलेला कचराच वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं. छाटणी करताना एक डहाळी कापली, हातात आली तेव्हा दारातून आतला मऊ थर दिसला आणि त्यात २ अंडी. डहाळी सुतळीनं होती तिथे परत बांधली. मादी दोनदा आली, भोवती भिरभिरली, गेली. पुन्हा आली नाही. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून सांगतो, पालवी फुटू लागली की कात्री ठेवून दे. वठलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर तीही राहू दे. तांबट पक्षी अशाच मऊ पडलेल्या लाकडात चोचीनं गोल ढोली कोरतो.

जास्वंदीच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आलाय, फवारणी करू का, असंही लिहिलंयस. करू नकोस. शेंडा हलकेच वळवून भिंगातून बघ. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची. तीही मावा खाते आणि मोठा ढालकिडाही. विष मारलंस तर मावा आणि ढालकिडे दोन्ही मरतील, आणि मावा ढालकिड्यांच्या आधी परत येईल. फारच वाढला तर पाण्याची धार मारून झाडून टाक. शिवाय शिंजीर स्वतः मध पीत असला तरी पिल्लांना मुख्यतः किडे आणि कोळीच भरवतो. फवारणीनं त्यांचाही घास जातो.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नकोस, आधी नीट बघ. बहुधा फुलपाखराची कोवळी अळी असेल. काडीनं हलकं डिवचलंस तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच कर, उगाच छळू नकोस. आणि पाचोळा जाळू नकोस, झाडांच्या बुंध्याशी पसर.

तुझ्याकडच्या शिंजिराची ठिगळं किती भरली, तेवढं पुढच्या पत्रात कळव.