वाचकांचे प्रश्न : उंदरांच्या सापळ्यांची हंगामातली निगा

धान्य कोठारात येऊन पडले की उंदरांचा वावर वाढतो आणि वर्षभर अडगळीत पडलेले सापळे बाहेर निघतात. निगेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : लाकडी फळीचे चार चाप लावले. रोज सकाळी आमिष गायब असते, पण चाप जसाच्या तसा चढलेला. स्प्रिंग कमजोर झाली असेल का?

स्प्रिंगचा यात दोष नाही. स्प्रिंग कमजोर झाली तर चाप सुटतो, पण हळू पडतो. तुमचा चाप सुटतच नाही, म्हणजे दोष खटक्यात आहे. उंदरावर आपटणारी कमान अडवून धरणाऱ्या लांब तारेचे टोक आमिषाच्या पत्र्याच्या ओठाखाली जिथे अडकते, ती जागा नीट पाहा. तिथे गंज किंवा जुन्या आमिषाचा चिकट थर असला की तार पत्र्याला घट्ट धरून बसते. घरातल्या लहान जातीच्या उंदराचे वजन २० ग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या हलक्या ओढीने तार निसटली नाही, तर तो निवांत खाऊन निघून जातो.

तारेचे टोक आणि पत्र्याचा ओठ बारीक काचकागदाने घासा. तारेच्या लांबीच्या दिशेने चार-पाच हात पुरतात. टोक गोल होईपर्यंत घासू नका, मग चाप लावतानाच सुटायला लागेल. एवढे करूनही खटका जड वाटला, तर पकडीने तार किंचित वाकवून तिचे टोक ओठाखाली जेमतेम अडकेल असे करा. चाप चढवून पेन्सिलीने पत्रा हलवून पाहा : हलक्या स्पर्शात पडला पाहिजे आणि फळी जमिनीवर अलगद ठेवताना पडता कामा नये. ही तपासणी बोटाने कधीच करू नका.

आमिषाचे प्रमाणही पाहा. वाटाण्याएवढे पुरे. मोठा गोळा ठेवला की उंदीर कडेकडेने खातो, पत्र्याला धक्काच लागत नाही. कुटलेले शेंगदाणे पत्र्याच्या खोलगट भागात दाबून बसवा. सुका मासा किंवा खोबरे वापरत असाल तर दोऱ्याने बांधा, म्हणजे त्याला ओढावेच लागेल. मुंग्या लागलेले, बुरशी धरलेले आमिष खरवडून काढा. दमट हवेत ते दर दोन दिवसांनी बदलावे लागते.

स्प्रिंग तपासायची असेल तर त्याच मापाच्या नव्या चापाशी ताण ताडून पाहा. कमान संथ पडत असेल, तर तो चाप सरळ टाकून द्या. असा चाप उंदराला मारत नाही, जखमी करून तडफडत ठेवतो. चार पैसे वाचवण्यासाठी ते करू नये.

प्रश्न : गंज काढायला सापळे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर चालेल का? आमच्याकडे चाप आणि जाळीचे पिंजरे दोन्ही आहेत.

पिंजऱ्यासाठी नाही. जाळीवर बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा असतो आणि आम्लाने गंजाआधी तोच जातो. मग जाळी आणखी लवकर गंजते. पिंजरा साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, तारेच्या ब्रशने फक्त गंजलेले सांधे घासा, उन्हात खडखडीत वाळवा. जुना पिंजरा 'शुद्ध' करायला आगीत धरण्याची सवय काहींना असते. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. असे मुळीच करू नका.

चापाची स्प्रिंगही आम्लात बुडवू नये. कडक पोलादाची ताणलेली तार आम्लात ठिसूळ होऊ शकते आणि नंतर चढवताना तुटू शकते. ती ब्रशनेच घासा. मुलामा नसलेले साधे लोखंडी सुटे भाग मात्र पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायला हरकत नाही. सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, स्वच्छ धुवा आणि लगेच वाळवा. ओले राहिले तर दुपारपर्यंत नवा तांबूस थर चढतो.

प्रश्न : एक उंदीर सापडल्यावर वासामुळे दुसरा येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी सापळा धुवावा लागतो. हे खरे आहे का?

नाही. आधीच्या उंदराच्या वासाने दुसरा सापळा टाळतो असे दिसत नाही. धुवायचे ते आपल्यासाठी. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण त्याच दिवशी तयार करा आणि मेलेल्या उंदरासह सापळा त्याने भिजवा. पाच मिनिटांनी उंदीर दुहेरी पिशवीत बांधा. उशीर करू नका, अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरीकडे जातात. सुक्या लेंड्या झाडूने लोटू नका, त्याही आधी भिजवून मग पुसून घ्या.

ब्लीच लोखंडाला खाते, त्यामुळे सापळा नंतर भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. आणि वरच्या उत्तरातले व्हिनेगर व हे ब्लीच एका बादलीत कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

प्रश्न : तेल लावावे की मेण?

खाद्यतेल काही दिवसांत चिकट होऊन खटका जाम करते, रॉकेलचा वास आमिषाच्या वासावर मात करतो. त्यामुळे हंगामात मेणच बरे. साधे पॅराफिन मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर नको, भडका उडतो. सापळा पूर्ण कोरडा हवा. मेण फार तापले असेल आणि पाण्याचा थेंब राहिला, तर ते तडतडून अंगावर उडते. लोखंडी भाग मेणात बुडवून ते स्वतः मेणाइतके तापेपर्यंत थांबा. थंड लोखंडावर जाड पांढरा थर बसतो आणि दोन दिवसांत पापुद्रे निघतात. लाकडी फळीचा चाप बुडवू नका, त्याच्या तारांना चिंधीने मेण लावा.

तारेचे टोक आणि पत्र्याचा ओठ यांवर मात्र मेण राहू देऊ नका. तिथे निसरडे झाले की वाऱ्याच्या झुळकेने, शेजारून कुणी चालले तरी चाप पडतो. बाकी सगळे झाकलेले आणि खटका उघडा, घासलेला, कोरडा : सापळ्याच्या निगेत याहून महत्त्वाचे काही नाही.

प्रश्न : पिंजऱ्याचे दार पडते, तरी मोठा उंदीर सुटून जातो.

दार पडते, पण अडकत नाही. वाकलेल्या चौकटीमुळे ते शेवटचे बोटभर अंतर तिरके येऊन थांबते आणि उंदीर नाकाने ते वर उचलतो. रिकाम्या पिंजऱ्याचे दार दहा वेळा पाडून पाहा. दहाही वेळा खाली टेकून आकड्यात बसले पाहिजे. चौकट पकडीने सरळ करा, बिजागरीतला कचरा सुईने काढा. जाळीचा टाका तुटला असेल तर लगेच तारेने शिवून घ्या. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते.

पिंजरा सकाळ-संध्याकाळ पाहायलाच हवा. आत चिचुंद्री, खार असा नको असलेला जीव अडकू शकतो आणि उंदीर असला तरी त्याला तहानेने मारणे बरे नाही. उन्हात पिंजरा ठेवू नका. उचलण्याआधी वर कापड टाका, अंधारात जनावर शांत राहते.

प्रश्न : नवा सापळा चार रात्री रिकामा आहे.

मोठ्या जातीचे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, लहान जातीचे उलट चौकस असतात. मोठ्यांसाठी चाप न चढवता चार-पाच दिवस नुसते आमिष ठेवा, ते खाल्ले जाऊ लागले की मग चढवा. जागाही तपासा : चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीला टेकलेले. लहान उंदीर बिळापासून फार लांब जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी दर दोन-तीन मीटरवर एक चाप लागतो. एकच चाप महिनाभर ठेवण्यापेक्षा बारा चाप तीन रात्री लावलेले कितीतरी बरे.

प्रश्न : हंगाम संपल्यावर सापळे कसे ठेवावेत?

स्प्रिंग उतरवून. चढवून ठेवलेली स्प्रिंग पुढच्या वर्षी सैल मिळू शकते. फळी ओल धरून फुगली असेल आणि तारेचे खिळे हलत असतील, तर ते ठोकून घ्या. फळी वाळवून तिला जवसाचे उकळलेले तेल पातळ लावा आणि पूर्ण सुकायला आठवडाभर द्या. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.