क्रांती फसली, चिरडली की बारगळली?

प्रश्न असा आला आहे: १८४८-४९च्या जर्मनीबद्दल एका पुस्तकात 'उदारमतवाद्यांची क्रांती फसली' असं लिहिलंय, दुसऱ्यात 'क्रांती चिरडण्यात आली' आणि तिसऱ्यात 'एकीकरणाचा बेत बारगळला'. हे तिन्ही एकच का? नसेल, तर बरोबर कुठलं?

एकच नाहीत. तडीस न गेलेल्या गोष्टींसाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे आणि प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे. डाव फसतो, बोलणी फिसकटतात, बेत बारगळतो. सभा उधळून लावतात, बंड मोडतात, उठाव चिरडतात. पहिली तीन अकर्मक आहेत, म्हणजे कुणी केलं ते न सांगताही वाक्य पुरं होतं. दुसऱ्या तिघांमागे मात्र कुणीतरी करणारा उभा असतो. खरी मेख इथेच आहे. क्रियापद निवडलं की दोष कुणाच्या पदरात टाकायचा हेही ठरून जातं.

'फसली' आधी बाजूला काढतो. फसायला आधी डाव रचलेला लागतो, आणि मार्च १८४८मध्ये तो कुणी रचलेला नव्हता. फेब्रुवारीत पॅरिसमधून फ्रान्सचा राजा पळाला, १३ मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निखला जावं लागलं, १८ मार्चला प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या राजधानीत, बर्लिनमध्ये, रस्त्यारस्त्यावर अडथळे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपले मृत राजवाड्याच्या चौकात आणले आणि प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म त्यांच्यापुढे टोपी काढून उभा राहिला. २१ तारखेला तर तो जर्मन एकतेच्या रंगांचा, काळा-लाल-सोनेरी, पट्टा बांधून शहरातून घोड्यावर फिरला. याला फसणं कसं म्हणणार? मार्चमध्ये क्रांती जिंकलीच होती. 'फसला' शोभेल तो एप्रिलमधला नैर्ऋत्येकडच्या बाडेन राज्यातला प्रकार. फ्रीडरिख हेकरने प्रजासत्ताकासाठी सशस्त्र मोर्चा काढला आणि कांडर्नजवळ पहिल्याच चकमकीत तो उधळला गेला.

'उदारमतवादी' शब्दावरही क्षणभर थांबायला हवं. आपल्याकडे तो वाचला की रानडे-गोखल्यांची परंपरा डोळ्यांपुढे येते, आणि इथे ते फारसं चुकीचं नाही. हेकरसारखे थोडे सोडले तर या मंडळींना राजा घालवायचा नव्हता, त्याला राज्यघटनेत बसवायचा होता. लेखनस्वातंत्र्य, ज्यूरीसमोरचे खटले, निवडलेली विधानसभा अशा त्यांच्या मागण्या. वकील, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्राध्यापक यांचाच भरणा. रस्त्यावरच्या लोकांचा त्यांना उपयोग होता तेवढीच धास्तीही होती.

आता बारगळणं. ३९ राज्यांच्या त्या ढिल्या संघाचा एक देश करायला १८ मे १८४८ रोजी फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्खे या चर्चमध्ये राष्ट्रीय सभा भरली. तिने केंद्र सरकार नेमलं, ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक योहानला त्याचा प्रमुख केलं. मंत्री होते, पण स्वतःचं सैन्य नाही, करवसुली नाही. हे किती महाग पडतं ते श्लेस्विग-होल्स्टाइनच्या, म्हणजे डेन्मार्कच्या राजाकडे असलेल्या पण जर्मनांनी हक्क सांगितलेल्या दोन प्रांतांच्या, लढाईत दिसलं. सभेच्या वतीने डेन्मार्कशी लढत होता प्रशिया. इंग्लंड-रशियाचा दाब वाढला तसा ऑगस्टमध्ये त्याने माल्म्यो इथे परस्पर युद्धविराम करून टाकला. सभेने आधी तो फेटाळला, मग दहा-बारा दिवसांत निमूटपणे मान्य केला. १८ सप्टेंबरला फ्रांकफुर्टमध्ये दंगा झाला, दोन सभासद मारले गेले, आणि सभेला स्वतःच्या रक्षणासाठी सैन्य मागवावं लागलं ते प्रशिया-ऑस्ट्रियाचंच.

इथून पुढचा क्रम नीट बघा. ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियाचा सेनापती विंडिशग्रेट्सने तोफा लावून व्हिएन्ना घेतलं. फ्रांकफुर्टचा सभासद रोबेर्ट ब्लुम तिथे हाती लागला, त्याला ९ नोव्हेंबरला गोळ्या घातल्या. सभासदाला अटकेपासून संरक्षण देणारा कायदा सभेनेच केला होता; त्याला कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात प्रशियाच्या जनरल व्रांगेलचं सैन्य बर्लिनमध्ये शिरलं आणि डिसेंबरात प्रशियाची विधानसभा बरखास्त झाली. म्हणजे फ्रांकफुर्टमध्ये मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती तेव्हाच त्या हक्कांच्या पाठीशी उभी राहू शकणारी दोन्ही शहरं हातची गेली होती. शिवाय ऑस्ट्रिया आत की बाहेर हा तिढा होताच. सभेचं म्हणणं, जर्मन प्रदेशांपुरतं आत या. ऑस्ट्रियाचा पंतप्रधान श्वार्त्सेनबेर्ग म्हणाला, हंगेरीसकट अख्खं साम्राज्य अखंडच राहील. हे मात्र निव्वळ 'फिसकटलं'.

शेवटी २८ मार्च १८४९ला सभेने प्रशियाच्या राजाला सम्राट निवडलं: बाजूने २९०, तटस्थ २४८. ३ एप्रिलला शिष्टमंडळ बर्लिनला गेलं आणि राजाने गोड शब्दांत नकार दिला, राजेरजवाड्यांच्या संमतीशिवाय मुकुट घेता येत नाही म्हणून. खाजगी पत्रांत हाच माणूस त्या मुकुटाला चिखलमातीचा म्हणत होता. २८ लहान राज्यांनी राज्यघटना मान्य केली होती, पण बव्हेरिया, सॅक्सनी आणि हॅनोव्हर यांनी केली नाही, प्रशियाने तर नाहीच.

बेत बारगळतो तो कसा, याचा नमुना म्हणजे आरमार. जून १८४८मध्ये सभेने मोठ्या उत्साहाने जर्मन आरमारासाठी पैसे मंजूर केले. चार वर्षांनी हानिबाल फिशर नावाच्या अधिकाऱ्याने ती जहाजं लिलावात काढली. मला तरी याहून चपखल उदाहरण सुचत नाही.

चिरडण्याचा अखेरचा भाग मे १८४९चा. नाकारलेल्या राज्यघटनेसाठी ड्रेस्डेन, फाल्त्स आणि बाडेनमध्ये लोक उठले. (ड्रेस्डेनमध्ये दरबारी संगीतकार रिखार्ड वाग्नरही उठावकऱ्यांत होता, नंतर स्वित्झर्लंडला पळाला.) जूनमध्ये सभेचे उरलेले सभासद स्टुटगार्टला जमले, त्यांना व्युर्टेंबेर्गच्या सैन्याने हुसकावलं. २३ जुलैला उठावकऱ्यांच्या हातातला बाडेनमधला रास्टाटचा किल्ला पडला. वेढा प्रशियाच्या सैन्याचा, सेनापती राजाचा भाऊ विल्हेल्म. १८७१मध्ये व्हर्सायला जर्मन सम्राट झाला तो हाच, आणि तेव्हा मुकुट राजेरजवाड्यांच्या हातून आला होता.

तेव्हा माझं मत असं. रास्टाट आणि व्हिएन्नासाठी 'चिरडली' खुशाल लिहा, पण कुणी ते त्याच वाक्यात सांगा. फ्रांकफुर्टसाठी 'बारगळला' बरोबर आहे. मात्र नुसतं तेवढंच लिहिलं तर बेत जणू आपोआप सुकून गेला असं वाटतं आणि विंडिशग्रेट्स-व्रांगेल मोकळे सुटतात. उलट सगळीकडे 'चिरडली' लिहिलं की सप्टेंबरमध्ये तेच सैन्य बोलावणारे सुटतात.

चौथा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण परीक्षेच्या पुस्तकांत सर्रास असतो: 'अपयशी ठरली'. तो वापरताना शेतकऱ्यांचं काय करायचं ते ठरवा. ऑस्ट्रियात सप्टेंबर १८४८मध्ये वेठबिगार रद्द झाली आणि नंतर आलेल्या प्रतिगामी सरकारनेही ती परत आणली नाही. दक्षिण जर्मनीतही जमीनदारांचे बरेच हक्क गेले. हवं ते मिळाल्यावर शेतकरी घरी गेले, शहरांच्या मदतीला फारसे आले नाहीत. त्यांच्या बाजूने लिहायचं तर 'अपयशी' हा शब्द बसत नाही.