अमर चित्रकथा आणि सुपरहिरोंच्या कॉमिक्सनंतर कोणत्या ग्राफिक कादंबऱ्या वाचाव्यात?

सुरुवात ‘भीमायन’पासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंगांवर आधारित हे पुस्तक 2011 साली प्रसिद्ध झाले असून, त्यातील चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी समाजातील कलावंतांनी काढली आहेत. नेहमीच्या चौकटी येथे नाहीत. घराच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या पारंपरिक नक्षीच्या वळणदार पट्ट्याच पानाचे भाग पाडतात. संवादांचे फुगेसुद्धा बोलणाऱ्याप्रमाणे बदलतात: विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते, तर सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. त्यामुळे शाळेत तहानलेल्या भीमाला पाणी नाकारले जाते, तेव्हा शब्द वाचण्याआधीच त्यांतील विष डोळ्यांना जाणवते. चित्र आणि मजकूर इतके एकजीव झालेले फार थोड्या पुस्तकांत आढळतात.

त्यानंतर आर्ट स्पीगलमन यांचे ‘माऊस’ घ्यावे. ज्यूंना उंदरांच्या आणि नाझींना मांजरांच्या रूपात दाखवून लेखकाच्या वडिलांच्या छळछावणीतील आठवणी सांगणाऱ्या या पुस्तकाला 1992 मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. इराणमधील क्रांतीच्या काळातले बालपण सांगणारे मार्जान सात्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ त्यापाठोपाठ वाचावे.