वय 22, सांगली. धर्मभगिनी (नन) होण्याचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरंच आहे की मनाचे खेळ, कसं ओळखू?

आधी स्वतःला विचार: स्थळं बघायचा कंटाळा आलाय म्हणून तर नाही ना? पळवाट आणि पाचारण यात फरक असतो. मी मिरजेची. आमच्याकडे 'सिस्टर व्हायचंय' म्हटलं की मावश्या विचारतात, "नर्सिंगला कुठं?"

मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांशी बोल, मग सुट्टीत चार दिवस कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात, राहून ये. पहाटेची प्रार्थना सगळ्यांनाच गोड वाटते गं. दुपारी खरकटी भांडी घासताना, न पटणाऱ्या सिस्टरशेजारी मन कसं राहतं ते बघ.

घाई कुणीच करत नाही. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, किमान 12 महिने, मग तात्पुरती व्रतं किमान 3 वर्षं, त्यानंतर कायमची. नोव्हिशिएटमधून केव्हाही परत येता येतं. आईला मात्र आजच सांग.