दोन देशांतल्या प्रयोगशाळांत एकाच लाकडाची ताकद वेगवेगळी का येते?

बहुतेकदा लाकूड तेच असतं, नमुना वेगळा असतो. आयएसओ १३०६१ या आंतरराष्ट्रीय मानकात वाकवण्याच्या चाचणीचा नमुना २० × २० मिमी छेदाचा, तर एएसटीएम डी१४३ या अमेरिकी मानकाच्या मुख्य पद्धतीत ५० × ५० मिमीचा. मोठ्या तुकड्यात बारीकसारीक दोष जास्त, म्हणून आकडा सहसा कमी येतो.

दुसरी गोम ओलाव्याची. १२ टक्क्यांच्या आसपास लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की वाकवण्याच्या चाचणीतली ताकद साधारण ४ टक्क्यांनी घटते. नमुने २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, ओलावा १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून मोजा. घनता कळवताना वजन आणि आकारमान कोणत्या ओलाव्याला घेतलं ते लिहाच. खरा घोळ इथेच होतो. आणि हो, झाडाचं शास्त्रीय नाव द्या. ‘महोगनी’ म्हणून बरंच काही विकलं जातं.