आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?

वाचकांचे प्रश्न : घर आणि विमा

प्रश्न : सांगलीत जुन्या वस्तीतलं बैठं घर घेतोय. एजंट म्हणतो, "नदी पाऊण किलोमीटर लांब आहे, पाण्याची काळजी सोडा." कर्ज मंजूर करताना बँकेने विमाही करून दिला आहे. तरी आई पुराच्या नावाने घाबरते. वेगळा पूरविमा काढावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आईचं ऐका. निदान एजंटच्या आधी तरी ऐका.

त्या एजंटला एकच विचारा : आयर्विन पुलाला, म्हणजे कृष्णेवरच्या ज्या पुलाजवळ पुराची पातळी मोजतात तिथे, किती फूट झाले की या उंबऱ्याला पाणी लागतं? सांगलीत घरं विकणाऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो. तरीही तो फूट सोडून किलोमीटर सांगत असेल, तर आकडा सांगण्यासारखा नाही एवढं समजा. मी तीस वर्षं विमा सर्वेक्षक म्हणून चिखलातली घरं पाहिली. नदीजवळच्या चढावरचं घर कोरडं आणि लांबच्या खोलगट प्लॉटमध्ये खिडकीपर्यंत पाणी, हे इतक्या वेळा पाहिलंय की अंतर विचारणंच सोडून दिलं. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, उलटं फिरतं आणि सखल भागात शिरतं. शामरावनगरात तर नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाने पाणी साचतं.

आयर्विनजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलं होतं. तुमचा उंबरा या मापावर कुठे बसतो ते काढा. शेजारच्या दोनतीन जुन्या घरी जा आणि २००५, २०१९ आणि २०२१ असं एकेक साल वेगळं विचारा. "इथे कधी येत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. २०१९ला कुठल्या पायरीपर्यंत आलं, किती दिवस राहिलं, हे विचारा. विजेचे मीटर किती उंचावर बसवलेत ते बघा. कपाटामागच्या भिंतीवर फिकट आडवी रेघ राहिली आहे का तेही बघा. रंग नवा असेल तर कपाटामागे तो बहुधा मारलेला नसतो. त्या पुरांनंतर रस्ता उंच केला असेल आणि घर खाली राहिलं असेल, तर जुने आकडेही बदलले असं धरा.

मग महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा पाहा. आपल्याकडे जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. ढोबळमानाने निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. "शंभर वर्षांतून एकदा" वाचून लोक निश्चिंत होतात, तिथेच फसतात. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक, इतकाच. वीस वर्षांच्या कर्जात लाल रेषेवरच्या घराला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता साधारण १८ टक्के येते. निळ्या रेषेवर तोच हिशेब निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांच्या आसपास जातो. आणि रेषेच्या आत जसजसं जाल तसतसा हा आकडा चढतो.

आता बँकेचा विमा. तो कागद काढा आणि पहिल्या पानावर कशाचा विमा आहे ते वाचा. पुष्कळदा तो तुमच्या आयुष्याचा निघतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं यासाठीचा. घर बुडालं तर त्यातून दमडीही मिळत नाही. घराचा असेल तर फक्त इमारतीचा आहे की सामानाचाही, आणि रक्कम किती, हे पाहा.

यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २००५मध्ये माझ्या घरात पाच फूट पाणी होतं. दुसऱ्यांचे दावे तपासणारा माणूस, पण स्वतःची पॉलिसी फक्त इमारतीची! भिंती शाबूत, म्हणून इमारतीचा दावा रंगरंगोटीपुरता. फ्रीज, गाद्या, शिवणयंत्र, मुलीची पुस्तकं, सगळं गेलं आणि त्यातलं काहीच पॉलिसीत नव्हतं. बायकोने त्यावर काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

वेगळा पूरविमा शोधत बसू नका. एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे आणि त्यात पूर धरलेलाच आहे. पूर्वीच्या आगविम्यात पुराचं कलम वगळून हप्ता कमी करता यायचा. काही जण हौसेने तसं करून घेत आणि पावसाळ्यात रडत. नव्या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं : इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. त्याहून जास्त हवं असेल तर तपशील देऊन वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं जोडसंरक्षण लागतं.

रक्कम ठरवताना घराचा बाजारभाव लिहू नका. जमीन वाहून जात नाही, तिचा विमा नसतो. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा आजचा दर, एवढंच. समजा ९०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर १८ लाख. सामानाला आपोआप ३ लाख ६० हजार. आणि हे पावसाळ्याच्या आधी करा. आयर्विनचा आकडा टीव्हीवर पळू लागल्यावर कंपनीकडे धावलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात शिरलेल्या पाण्याचा विमा कुणी उतरवत नाही.

प्रश्न : २०२१च्या पुरात आमच्या घरात चिखल भरला. सर्वेक्षक येईपर्यंत सगळं धुऊन टाकलं होतं, म्हणून दाव्यातून बरीच रक्कम कापली. तलाठ्याचा पंचनामा असूनही! हे योग्य आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्वेक्षण अहवाल वेगळा. पंचनाम्याची प्रत जोडायला हरकत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. चिखलात राहा असं कुणी म्हणणार नाही, पण धुण्याआधी फोनवर चित्रण करा. भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी धरून दिसायला हवी. यंत्रांच्या मागच्या पट्टीवरचे क्रमांक टिपा आणि खराब वस्तू अंगणात एकत्र ठेवा, भंगारवाल्याला लगेच देऊ नका. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवा. सर्वेक्षकाला ओलं कपाट पाहायचं असतं. "होतं" हा शब्द त्याला कागदावर चढवता येत नाही. कपात अन्यायाची वाटते तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र मुदत असते, आणि तुमचं प्रकरण जुनं आहे. कंपनीचं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं ते आधी पाहा.

प्रश्न : पार्किंगमध्ये गाडी बुडाली तर घरविम्यातून पैसे मिळतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातून मिळतात, फक्त 'थर्ड पार्टी', म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असेल तर तिथूनही नाही. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली की इंजिन जातं, आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर तो खर्च तुमचाच. गाडी ढकलून किंवा ओढून गॅरेजला न्या.